कोकण किनाऱ्याने सायकलवर, गाड्यांची गर्दी चुकवून : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही दोघे मित्र पन्नाशी ओलांडलेले. मांडव्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरीपर्यंत सायकलने जायचं आहे. गाड्यांचा त्रास नसलेला रस्ता आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : फक्त सायकलींसाठी राखलेला सलग रस्ता कोकणात नाही. पण बऱ्यापैकी रिकामा रस्ता आहे. तो रिकामा का राहतो हे कळलं की कधी आणि कुठून जायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. ट्रक, टँकर आणि गोव्याकडे धावणाऱ्या गाड्या 66 क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाने जातात. किनाऱ्याच्या रस्त्याला मात्र खाड्या आडव्या येतात आणि तुमच्या टप्प्यात चार ठिकाणी गाड्यांसकट जंगलजेटीच्या बोटीने पलीकडे जावं लागतं: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. एका खेपेत मोजक्याच गाड्या मावतात. त्यामुळे खाडीपल्याडची वाहतूक आपोआप गाळली जाते. या खाड्यांवर पूल बांधायच्या योजना आहेत. पूल झाले की ही गाळणी जाईल, तेव्हा फार वर्षं लांबणीवर टाकू नका.

बोट धक्क्याला लागली की सायकलवाले पुढे निघण्याची घाई करतात आणि पुढच्याच चढावर मागून आलेल्या सगळ्या गाड्या त्यांच्या कानाशी हॉर्न वाजवतात. उलट करा. सगळ्या गाड्या उतरू द्या, धक्क्यावर दहा मिनिटं थांबा, बाटल्या भरून घ्या आणि मग निघा. पुढची खेप येईपर्यंत रस्त्यावर तुम्ही आणि एखाददुसरी रिक्षा. बोटीच्या लोखंडी फळीवर सायकल चालवू नका, ढकलतच न्या. ओहोटीला ही फळी जास्त उतरती होते, धक्क्याच्या खालच्या भागावर शेवाळ असतं आणि क्लीटचे (पायडलमध्ये अडकणारी कडक पट्टी तळाला असलेले) बूट तिथे हमखास घसरतात. बोटीत सायकल कठड्याला टेकवली की पुढचा ब्रेक जुन्या ट्यूबच्या पट्टीने दाबून बांधून ठेवा, म्हणजे बोट हलली तरी ती पुढे सरकत नाही.

आता दिवस कोणते निवडायचे ते. मांडवा, अलिबाग, काशीद, मुरूड हा पट्टा शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी भरलेला असतो; तो सोमवार ते गुरुवारातच उरका. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते एक जानेवारी आणि शिमगा हे दिवस पूर्ण टाळा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ चांगला. या दिवसांत दुपारनंतर वारा समुद्राकडून, बहुतेक वायव्येकडून येतो. म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे जाण्याचा तुमचा बेत योग्यच आहे, उलट निघालात तर रोज दुपारी वारा तोंडावर घ्याल.

दिवेआगर ते श्रीवर्धन जाताना नकाशाने बोर्ली पंचतनवरून आतला रस्ता सुचवला तरी ऐकू नका. भरडखोल, शेखाडी, आरावी असा किनाऱ्याचा रस्ता धरा. समुद्राला इतका लगटून जाणारा दुसरा तुकडा तुमच्या वाटेवर नाही. वेसवीच्या पुढे वेळास, केळशी, आंजर्ले या भागात वर्दळ आणखी कमी, पण दुकानंही कमी. गावातली दुकानं दुपारी एक ते चार सहसा बंद असतात. जेवण आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवावं लागतं, ऐनवेळी दारात उभं राहून थाळी मिळत नाही. दिवसाला 45 ते 50 किलोमीटर पुरे. अंतर कमी वाटेल, पण बोटीची वाट पाहणं आणि चढ यात वेळ जातोच.

प्रश्न : माझ्या हायब्रीड सायकलला पुढे 48-38-28 दातांची तीन चक्रं आणि मागे 14-28 दातांची सात गिअरची फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा चक्रांचा संच) आहे. दहा किलो सामान घेऊन कोकणातले चढ झेपतील का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : किनाऱ्याचा रस्ता सपाट असेल हा पहिला गैरसमज. प्रत्येक खाडीपाशी रस्ता समुद्रसपाटीला उतरतो आणि पुन्हा जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, चढतो. चढ लांब नसतात, पण खडे असतात, काही वळणांवर दहा टक्क्यांहून जास्त. सड्यावर पोचलात की सावलीला झाड नाही.

तुमचा सर्वांत हलका गिअर 28 ला 28, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा, साधारण 2.1 मीटर. मिनिटाला 60 फेऱ्यांनी पाय फिरवले तर ताशी साडेसात किलोमीटर. दहा टक्के चढावर तुम्ही, सायकल आणि सामान मिळून 95 किलो वजन या वेगाने वर न्यायला सुमारे 200 वॅट लागतात. रोज सराव नसणाऱ्याला हे पाच मिनिटंही जड जातं. मग पाय मंद पडतात आणि ताण गुडघ्यावर येतो. फ्रीव्हील बदलून 14-34 ची बसवा. तोच चढ ताशी सहा किलोमीटरने, 160-165 वॅटमध्ये होईल.

बदल करताना दोन गोष्टी मेकॅनिककडून करून घ्याच. मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) लांब पिंजऱ्याचा हवा, आखूड पिंजऱ्याचा 34 दातांना पुरत नाही. आणि चेन नव्याने मोजली पाहिजे. चेन डिरेलरमधून न ओवता पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावरून फिरवायची, जिथे टोकं जुळतात त्याच्या पुढे एक इंच, म्हणजे दोन कड्या, जास्त ठेवून तोडायची. जुनीच चेन ठेवली आणि चुकून मोठ्यावर मोठं पडलं तर डिरेलर मुळासकट उखडतो. तो सुटा भाग दापोली-गुहागरच्या दुकानात मिळेल या भरवशावर राहू नका. एवढं करूनही एखाद्या चढावर उतरून ढकलावं लागलं तर ढकला, त्यात कमीपणा कसला?

मागच्या चाकाच्या तारा निघण्यापूर्वी एकसारख्या ताणून घ्या. सामानाचा भार मागेच असतो आणि तुटते ती बहुधा फ्रीव्हीलच्या बाजूची तार. ती बदलायला फ्रीव्हील काढावी लागते, म्हणून मापाच्या तीन तारा आणि फ्रीव्हीलचा रिमूव्हर सोबत ठेवा. मोठा पाना कुठल्याही गॅरेजमध्ये मिळतो. कॅरिअरचे बोल्ट पहिल्या दिवसानंतर सैल होतातच, रोज सकाळी ॲलन की फिरवून पाहा.

प्रश्न : किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत सायकल चालवली. दोन दिवसांत चेन लाल झाली आणि ब्रेक लावला की कर्रकर्र आवाज येतो. खोबरेल लावलं तर चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : खोबरेल नको. 24 अंशांच्या आसपास ते थिजायला लागतं, म्हणजे थंडीतल्या पहाटे चेनमध्ये मेण. शिवणयंत्राचं पातळ तेलही तात्पुरतंच, पण खोबरेलापेक्षा बरं.

वाळूतून आलात त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याचे तीन-चार तांबे चेन, चक्रं आणि ब्रेकवर हळू ओता. सर्व्हिस सेंटरचा प्रेशरचा पाइप वापरू नका, त्याने खारं पाणी आणि वाळू हबच्या बेअरिंगमध्ये ढकलली जाते. मग चेन फडक्याने कोरडी करा आणि प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने तेलाचा एकेक थेंब सोडा. पायडल उलटं फिरवत पाच मिनिटं तेल आत जिरू द्या आणि बाहेरचं तेल पूर्ण पुसून टाका. हे पुसणंच लोक विसरतात. बाहेर राहिलेलं तेल वाळू धरून ठेवतं आणि चेन आतून घासली जाते.

तुमची चेन आता मोजून बघा. नव्या चेनच्या 24 कड्या बरोबर 12 इंच भरतात. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त भरल्या तर चेन बदला. पूर्ण सूत वाढली असेल तर मागची फ्रीव्हीलही गेली समजा, कारण जुन्या दातांवर नवी चेन उसळते.

कर्रकर्र आवाज रिम ब्रेकच्या रबरात रुतलेल्या वाळूचा आणि ॲल्युमिनियमच्या किसाचा आहे. रबरं काढा, टाचणीने कण उकरा, पॉलिशपेपरवर चार वेळा घासा. तसंच चालवत राहिलात तर रिमवर चरे पडतील आणि रिमची किंमत रबराच्या कितीतरी पट आहे. सीटचा दांडा एकदा बाहेर काढून ग्रीस लावा. लोखंडी फ्रेममधला ॲल्युमिनियमचा दांडा खाऱ्या हवेत असा धरतो की नंतर हातोड्यानेही निघत नाही.

आणि वाळूत उतरायचंच असेल तर ओहोटीच्या वेळी, पाण्याजवळच्या टणक पट्ट्यावरून. भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत चाक नेऊ नका. वेळास, आंजर्ले, गुहागर भागात थंडीत कासवं तिथेच अंडी घालतात.

प्रश्न : अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन सिंधुदुर्गात एक दिवस सायकल चालवायची आहे. कुठे जावं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : जो रस्ता पुढे कुठेच जात नाही असा शोधा. शेवट बंद असला की त्यावरून पुढे कुठे जाणारी वाहनं नसतात. आचऱ्याच्या दक्षिणेला तोंडवळी-तळाशीलचा रस्ता तसा आहे: एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कालावलची खाडी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी, आणि चढ जवळपास नाही. देवबागचा रस्ताही बंदच, पण तारकर्लीच्या पर्यटकांमुळे तिथे गाड्या असतात. सकाळी सातला सुरू करून दहापर्यंत आटोपा.

प्रश्न : परतताना सायकल रेल्वेने आणता येते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : येते. स्टेशनच्या पार्सल कार्यालयात बुक करावी लागते आणि ती लगेजच्या डब्यातून जाते. लहान स्टेशनांवर गाडी मिनिट-दोन मिनिटंच थांबते, तेवढ्यात चढउतार होत नाही. रत्नागिरीसारखं मोठं स्टेशन निवडा आणि गाडीच्या वेळेआधी निदान दोन तास पोचा. हँडल सैल करून फ्रेमला समांतर वळवा, पायडल काढा (डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने सुटतं), डिरेलर पाच मिलिमीटरच्या ॲलन कीने सोडून फडक्यात गुंडाळून फ्रेमला बांधा. नाव आणि उतरायचं स्टेशन लिहिलेली चिठ्ठी दोन ठिकाणी लावा. एक फाटते.