'अधिकोष' कशाला? पेढी म्हणा!

प्रश्न असा आहे: एलन ब्राउन या अमेरिकन वकील-लेखिकेच्या 'वेब ऑफ डेट' या पुस्तकावर टिपण लिहायचे आहे. त्या 'पब्लिक बँक' हवी म्हणतात. तिला मराठीत सहकारी बँक म्हणावे, सरकारी बँक म्हणावे, की 'सार्वजनिक अधिकोष'?

'सहकारी' तर मुळीच नको. कोल्हापुरात हे उठता-बसता ऐकू येते, "सहकारी म्हणजे पब्लिकचीच बँक की!" नव्हे. सहकारी बँक सभासदांची असते. भाग घेतला असेल तर तुम्ही मालक, नाहीतर नुसते ठेवीदार. ब्राउनबाई ज्या बँकेचा दाखला पुन्हा पुन्हा देतात ती बँक ऑफ नॉर्थ डकोटा १९१९ पासून त्या राज्याच्या मालकीची आहे. राज्याचा पैसा तिथे ठेवला जातो आणि ती बहुतेक कर्जे स्थानिक बँकांना हाताशी धरून देते. 'सरकारी' त्यातल्या त्यात जवळचा, पण आपल्याकडे तो १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेल्या चौदा बँकांना चिकटला आहे, आणि त्यांतल्या उरलेल्या बँकांचे शेअर आज बाजारात विकले जातात.

खरा राग आहे तो 'अधिकोष'वर. हा शब्द घडवणाऱ्यांनी बँकेकडे पाहिले आणि त्यांना तिजोरी दिसली. कोष म्हणजे साठवण: लोकांनी पैसे आणून ठेवायचे, बँकेने त्यातलेच उचलून दुसऱ्याला द्यायचे. नेमकी हीच समजूत खोटी आहे, हे ब्राउनबाईंच्या लेखनाचे मूळ सूत्र. बँक कर्ज देते तेव्हा कुणाच्या ठेवीला हात लावत नाही. कर्जदाराच्या नावे रक्कम टाकते, त्याच्याच खात्यात तेवढी जमा दाखवते, आणि नवी ठेव जन्माला येते. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये आपल्या त्रैमासिकात हेच स्वच्छ लिहिले. पैसा असा वहीत तयार होत असेल तर त्यावरचे व्याज खासगी भागधारकांकडे का जावे, लोकांकडे का परत येऊ नये, हा ब्राउनबाईंचा सवाल. त्यांच्या पुस्तकावरच्या टिपणात 'अधिकोष' लिहिणे म्हणजे पहिल्याच ओळीत त्यांचे म्हणणे खोडणे.

आणि आपल्याकडे पेढी आहे! संस्कृत पीठिका, प्राकृत पेढिआ, मराठी पेढी. पीठिका म्हणजे बसायची जागा, बैठक. आता बँक शब्द पाहा. इटालियन 'बांको' म्हणजे बाकडे. सराफ बाकडे मांडून नाणी बदलून देत, त्यावरून धंद्यालाच ते नाव पडले. ग्रीक लोक बँकेला आजही 'त्रापेझा' म्हणतात, म्हणजे मेज. तीन भाषांनी धंद्याचे नाव बैठकीवरून, नाहीतर पुढ्यातल्या मेजावरून ठेवले. तिजोरीवरून एकीनेही ठेवले नाही. मला हे योगायोगापेक्षा मोठे वाटते. या धंद्याचा जीव धनाच्या राशीत नसून समोरासमोर बसून केलेल्या नोंदीत आहे, हे जुन्या लोकांना पक्के ठाऊक होते. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, आजही माणूस पेढीवर 'बसतो'. कोषावर कोण बसते? शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीच्या गूळपेठेतला व्यवहार घ्या. गूळ यायच्या आधीच अडत्या शेतकऱ्याला उचल देतो, ती त्याच्या नावे पडते, पट्टी म्हणजे विक्रीचा हिशेब झाला की वळती होते. इथे पत आहे आणि वही आहे. आणि ज्या कोल्हापूरला लोक करवीरपीठ म्हणतात, त्या गावाला पीठाची ही लेक परकी का वाटावी?

काही जाणकार ठासून सांगतात की पेढी 'पिढी'वरून आली, कारण दुकान बापाकडून मुलाकडे जाते. ऐकायला गोड, पण उलटे. पिढीही पीठिकेचीच मुलगी. या दोघी बहिणी, मायलेकी नव्हेत. गुजरातीत तर दोन्ही अर्थांना 'पेढी' हा एकच शब्द आहे. दिसण्यातल्या सारखेपणावरून वंशावळ जोडायची सवय या मंडळींनी सोडलेली बरी. बसायच्या 'पिढे'कडे एकदा पाहिले असते तरी हा घोटाळा झाला नसता.

'पेढी म्हटले की लहान, खासगी सावकारी वाटते' हा आक्षेपही मला मान्य नाही. पतपेढी खासगी असते का? आधी लावलेले पद अर्थ ठरवते.

तर टिपणात 'राज्यपेढी' लिहा, पहिल्यांदा येईल तिथे 'राज्याच्या मालकीची बँक' असा खुलासा करा. 'लोकपेढी' टाळा, ती पुन्हा सहकारीकडे नेते. आणि स्टेट बँकेसारख्यांसाठी 'सार्वजनिक क्षेत्रातील बँक' हे रूढ आहे, ते तसेच राहू द्या.