चुंबकत्व सुपरकंडक्टिव्हिटीचा वैरी असेल, तर कॉपर-ऑक्साइडमध्ये तेच तिला घडवतं कसं?

तुमची शंका रास्त आहे: साध्या सुपरकंडक्टरमध्ये (थंड केल्यावर वीज बिनविरोध वाहू देणाऱ्या पदार्थात) चिमूटभर चुंबकीय अणू मिसळले तरी खेळ खलास, मग इथे 'स्पिन फ्लक्चुएशन'मुळे, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या चिमुकल्या चुंबकांच्या (स्पिनच्या) चुळबुळीमुळे, बिनविरोध वीज वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळतात हे कसं पटायचं?

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी वायबीसीओच्या, म्हणजे इट्रियम-बेरियम-कॉपर-ऑक्साइड या सुपरकंडक्टरच्या, पेलेट (दाबलेल्या वड्या) करत होते. इट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड खलात घोटायचं, साच्यात दाबायचं, साधारण ९४० अंशांवर भाजायचं. पहिली हिरवट निघाली, ती फेकलीच. दुसरी काळीभोर, पण घाईने भट्टीबाहेर काढलेली. थर्मोकोलच्या वाटीत द्रव नायट्रोजन ओतला, तरी वरचा चुंबक ढिम्म. तिसरी ऑक्सिजनच्या प्रवाहात सावकाश थंड केली, आणि चुंबक अधांतरी उभा राहिला, ही सुपरकंडक्टिव्हिटीची खूण.

फरक फक्त ऑक्सिजनचा. वायबीसीओच्या सूत्रात त्याचे अणू सातच्या जवळ असतील तर सुमारे ९० केल्विनच्या (उणे १८३ अंश सेल्सिअसच्या) खाली सुपरकंडक्टर. सहावर आणा, तर तोच पदार्थ विजेला अडवतो, आणि त्यातल्या तांब्याचे स्पिन एक वर, एक खाली असे बुद्धिबळाच्या पटासारखे बसतात, तेही खोलीच्या तापमानाला. म्हणजे इथे चुंबकत्व बाहेरून घुसलेलं नाही, ते मूळ घरमालक आहे.

ऑक्सिजन वाढला की तांब्याच्या थरांतले इलेक्ट्रॉन कमी होतात आणि ती मांडणी विस्कटते, पण सवय जात नाही. शेजाऱ्याच्या उलट वळायची चुळबुळ क्षणभर इथे, क्षणभर तिथे चालूच राहते. हीच स्पिन फ्लक्चुएशन. शेजारच्या दोन स्पिनमधली ओढ १०० मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे ऊर्जेचं माप) वर, तापमानात सांगायचं तर हजार केल्विनहून जास्त. एवढं भांडवल असल्यावर ९० केल्विन फार वाटत नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. ही चुळबुळ इलेक्ट्रॉनांना जवळ आणत नाही, उलट एका अणूवर दोघांना बसू देत नाही. मग जोडी जमते ती शेजारच्या अणूंवर. जोडीच्या लहरीचं चिन्ह एका दिशेला धन, काटकोनात ऋण, आणि तिरक्या रेषेवर शून्य. याला डी-वेव्ह म्हणतात. १९९३-९४च्या प्रयोगांत हे चिन्ह खरंच उलटलेलं दिसलं, आणि मला हाच सर्वांत वजनदार पुरावा वाटतो. जस्ताचा पुरावाही मजेशीर आहे: तांब्याच्या जागी बिनचुंबकीय जस्त घातलं, तर चुंबकीय निकेलपेक्षा जास्त नुकसान होतं. पुस्तकाच्या बरोब्बर उलट!

न्यूट्रॉनचा मारा करून स्पिनची चुळबुळ टिपणाऱ्या प्रयोगांची ग्वाही मात्र जपून घ्या. १९९१ मध्ये फ्रान्समधल्या रोसा-मिन्यो यांच्या गटाला वायबीसीओत ४१ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास चुंबकीय शिखर दिसलं, आणि अनेकांनी जोड्या जुळवणारा डिंक सापडला असं मानलं. पण उत्तम ऑक्सिजनच्या नमुन्यात ते ठळक होतं सुपरकंडक्टिव्हिटी आल्यावरच. बेडूक ओरडले म्हणून पाऊस आला, की पाऊस आला म्हणून बेडूक ओरडले? माझ्या मते दुसरं. जोड्या जुळवायचं काम असेल तर ते त्याहून चढ्या ऊर्जेच्या चुळबुळीचं, जी २०११ च्या क्ष-किरण प्रयोगांत ऑक्सिजन वाढवल्यावरही जवळपास तितकीच जोमदार दिसली.

अजूनही यावर एकमत नाही. कंपनांचा, म्हणजे फोनॉनचा, काही वाटा आहे म्हणणारे लोकही आहेत, आणि त्यांना वेड्यात काढण्याइतकी आमची बाजू पक्की नाही.