यवतमाळकडे शेतासाठी जुनी महिंद्रा जीप घ्यावी का? तिचा इतिहास काय?

घ्या, पण फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाचा जोर) चालू असेल तरच. नुसतं जीपचं रूप असलेली, दोनच चाकांना जोर मिळणारी गाडी आपल्या काळ्या मातीत काही कामाची नाही.

घराणं दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विलीज जीपचं. महिंद्रानं 1940 च्या दशकाच्या शेवटी तिची जुळणी भारतात सुरू केली. 1980 च्या दशकात प्यूजो डिझेल इंजिनाची एमएम 540 आली, 2010 मध्ये थार, 2020 मध्ये नवी थार.

आमच्याकडे एमएम 540 आहे. पावसाळ्यात पांदणीत शिरायच्या आधीच फोर-व्हीलचा दांडा टाकायचा, चाकं जागेवर फिरायला लागल्यावर नाही. काळी माती टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत, आणि मडगार्डमध्ये थापली गेली की चाकच अडतं. म्हणून सीटखाली खुरपं कायमचं. मे महिन्यात कापडी हूडखाली भाजून निघता (बायको तर बसतच नाही), पण कापसाची गाठोडी मागे टाकता येतात अन् गावातला मिस्त्री दुरुस्ती करतो.

घेताना खाली वाकून चेसिस बघा, चिखल न धुतलेली गाडी तिथूनच गंजते. इंजिन नंबर आरसीशी जुळवा. 15 वर्षांवरची असेल तर पुनर्नोंदणी झाली का, तेही विचारा.