कोल्हापूर ते कागल रोज ये-जा आहे. काचांना फिल्म मारून गाडी खरंच गार राहते का?

तुम्ही विचारलंय की पांढरी हॅचबॅक आहे, सकाळी कोल्हापूरहून कागल एमआयडीसी, संध्याकाळी परत, दिवसभर गाडी उन्हात उभी. तर कोणती फिल्म मारावी, फरक किती पडेल आणि पोलीस अडवतील का? मी याच रस्त्यानं गोकुळ शिरगावला जातो आणि फिल्मवर दोनदा पैसे घातलेत. पहिल्यांदाचे पाण्यात गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थोडा निराश करतो. आठ तास उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीला कुठलीच फिल्म वाचवत नाही. तापायचा वेग कमी होतो, एवढंच. काचेचा स्वभाव असा की ती उजेड आणि उजेडाला लागून असलेले, डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण आत सोडते, पण तापलेल्या सीट-डॅशबोर्डातून निघणारी उष्णता परत बाहेर जाऊ देत नाही. त्यात आपल्याकडे मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा ऊन बाजूच्या काचांवर नाही, टपावर आणि पुढच्या मोठ्या काचेवर पडतं. टपाचं काम तुमच्या पांढऱ्या रंगानं फुकटात केलंय. पुढच्या काचेला आतून चंदेरी घडीचा पडदा लावा. स्टिअरिंगला हात लावता येईल इतका फरक त्यानं पडतो.

फिल्मची खरी कमाई चालत्या गाडीत, म्हणजे सकाळ-संध्याकाळ, सूर्य कलता असताना. आता तुमचा रस्ता बघा. कागलला जाताना तोंड दक्षिणेकडे, थोडं पूर्वेला झुकलेलं. सकाळचं ऊन डावीकडून. परत येताना तोंड उत्तरेकडे, जरा पश्चिमेला. मावळतीचं ऊन पुन्हा डावीकडूनच! दोन्ही वेळा भाजतो तो शेजारी बसलेला माणूस. माझा सहकारी कित्येक उन्हाळे हेच ओरडत होता आणि मी एसी एकनं वाढवून मोकळा होत होतो. अंगावर थेट पडणारा तो चटका फिल्म नक्की कमी करते, आणि एसीला धाप लागत नाही. बजेट कमी असेल तर आधी डाव्या दोन काचा करा. दुकानदार हसेल, हसू द्या.

आता कोणती. सूर्याच्या उन्हातली साधारण निम्मी ऊर्जा न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये असते, चाळीस-बेचाळीस टक्के दिसणाऱ्या उजेडात आणि उरलेली थोडी अतिनील किरणांत. म्हणजे काच काळी केली की उजेड कमी होतो, पण अर्ध्या उष्णतेचा काळेपणाशी संबंधच नाही. माझी पहिली फिल्म स्वस्तातली, नुसत्या रंगाची होती. आत बसलं की गार वाटायचं, कारण डोळ्याला गार वाटायचं. दोन उन्हाळ्यांत ती जांभळी पडली आणि बुडबुडे धरले. धातूचा थर असलेली फिल्म उष्णता परतवते, पण मोबाईल, जीपीएस आणि फास्टॅगच्या लहरींना आडवी येऊ शकते. किणी टोलनाक्यावर मागे ट्रकांची रांग लागली असताना हे कळणं वाईट. सिरॅमिक फिल्ममध्ये ही भानगड नाही, दिसायलाही ती जवळजवळ पारदर्शक असते. मी शेवटी तीच घेतली.

दुकानात गेलात की तुम्हाला ‘९९ टक्के इन्फ्रारेड अडवते’ असं सांगतील. तो आकडा बऱ्याचदा इन्फ्रारेडच्या एका छोट्या पट्ट्यापुरताच असतो. तुम्ही टीएसईआर विचारा, म्हणजे उन्हाच्या एकूण ऊर्जेतली किती अडते. चांगल्या पारदर्शक फिल्मचा तो ५०च्या आसपास असतो, आणि त्यात काचेचा स्वतःचा वाटाही धरलेला असतो. पारदर्शक फिल्मला कुणी ऐंशी सांगत असेल तर पुढच्या दुकानात जा. फिल्ममागे दिवा लावून ‘हात लावून बघा’ हा खेळही होईल. तेव्हा घाई करू नका, पाच मिनिटं थांबा. काही फिल्म उष्णता परतवत नाहीत, शोषतात. आधी गार वाटतं आणि मग काचच तापून आत उष्णता फेकायला लागते. हायवेला वाऱ्यानं ती काच गार होते, पार्किंगमध्ये नाही.

पोलिसांचं. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१२ मध्ये काचेवर चिकटवलेल्या काळ्या फिल्मवर बंदी घातली, टक्केवारी काहीही असो. त्या काळात चौकाचौकांत फिल्म सोलल्या जात होत्या, माझीही सोलली गेली. (जांभळी झाली होती, फार दुःख झालं नाही.) पुढे केंद्रीय मोटार वाहन नियम १०० मध्ये बदल झाला. एप्रिल २०२१ पासून प्लॅस्टिकचा थर असलेली सुरक्षा काच नियमात आली, आणि त्याच आधारावर केरळ उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये मर्यादेतली फिल्म चालते असा निकाल दिला. मर्यादा अशी: पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार जायला हवा, बाजूच्या काचांतून ५० टक्के. तरी चौकातला हवालदार उजेड मोजायचं यंत्र घेऊन उभा नसतो, तो डोळ्यानं ठरवतो. म्हणून बिल आणि फिल्मचं प्रमाणपत्र गाडीत ठेवा आणि बाहेरून चेहरा स्पष्ट दिसेल अशीच घ्या.

इथं एक गणित दुकानदार सांगत नाही. कंपनीतून आलेली काच मुळातच शंभर टक्के पारदर्शक नसते, हिरवट असते. समजा बाजूची काच ७५ टक्के उजेड सोडते. तिच्यावर ‘५० टक्केवाली’ फिल्म मारली तर गुणाकार होऊन हाती ३७-३८च उरतात, म्हणजे नियमाबाहेर. ७० टक्केवाली मारली तर ५२, कसंबसं आत. पुढच्या काचेत तर एवढी जागाही फारशी नसते, म्हणून मी तिला हात लावला नाही. दोन थरांची ती काच अतिनील किरण तसेही जवळपास सगळे अडवते. मागच्या काचेवर धुकं घालवायच्या तारा असतील तर फिल्म काढताना त्या निघून येऊ शकतात, तेव्हा तिथेही विचार करून.

रोज संध्याकाळी एक करा: डावी काच खाली करून उजवं दार पाच-सहा वेळा पंख्यासारखं हलवा. कोंडलेली हवा निघते, मग एसी लावा, आणि पहिली दोन-तीन मिनिटं बाहेरच्या हवेवर ठेवा.

फक्त फिल्म बसवल्यावर पहिले चार दिवस हा प्रयोग नको, काच खाली करायचीच नाही. आतलं साबणपाणी सुकायला वेळ लागतो. आमच्या सहकाऱ्यानं दुसऱ्याच दिवशी उसाचा रस घ्यायला काच खाली केली. त्याच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात अजून सुरकुती आहे, आणि सकाळचं ऊन नेमकं तिच्यावर पडतं.