कॉस्टिया काउंटीत पाच एकर घेण्याआधी पाण्याचा हक्क बघा

स्वस्तात पाच एकर घेऊन घरचं पिकवायचं, संकटकाळी कुणावर अवलंबून राहायचं नाही, यासाठी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातली कॉस्टिया काउंटी (म्हणजे तिथला जिल्हा) कशी, असं तुम्ही विचारलंत. माझं स्पष्ट मत: पाच एकरांत घर होईल, शेती होणार नाही.

आपल्याकडे स्वतःच्या रानात विहीर पाडली की पाणी आपलं, असं आपण धरून चालतो. इथे पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा, आणि ज्याचा हक्क जुना त्याला पाणी आधी. याच काउंटीतल्या सॅन लुईस गावच्या पाटाचा हक्क १८५२चा आहे. काउंटी ज्या रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात येते, तिथलं पाणी केव्हाच वाटून संपलंय. म्हणून ३५ एकरांपेक्षा लहान तुकड्याला बोअरचा परवाना मिळालाच, तर सहसा फक्त घरातल्या वापरापुरता मिळतो. भाजीपाल्याला नाही, कोंबड्या-शेळ्यांनाही नाही. ३५ एकर किंवा जास्त असेल तर एक एकरापर्यंत परसबाग आणि जनावरांना पाणी देता येतं. छपरावरचं पाणी बाहेरच्या वापरासाठी दोन पिंपांत, मिळून ११० गॅलन म्हणजे सुमारे ४१६ लिटर साठवता येतं. तसाही खोऱ्याच्या तळाशी पाऊस सोलापूरच्या निम्म्याहून कमी. इसाराची रक्कम देण्याआधी पार्सल नंबर (आपल्याकडच्या गट नंबरासारखा) घेऊन राज्याच्या जलसंपदा कार्यालयात विचारा, उत्तर लेखी घ्या.

टँकरवर भागवू म्हणाल, तर चौघांना माणशी ६० लिटर धरून आठवड्याला १,६८० लिटर लागतील. २७५ गॅलनची टाकी भरली की वजन टनावर जातं. साध्या पिकअपला ते झेपत नाही, ब्रेक आणि स्प्रिंगा जातात. ट्रेलर घ्या. साठवणीची टाकी जमिनीत खोल पुरा किंवा घरात ठेवा, कारण हिवाळ्यात पारा उणे ३० सेल्सिअसच्याही खाली जाऊ शकतो.

उंची सुमारे ८,००० फूट. दंव नसतं ते जेमतेम तीन महिने, जूनमध्येही रोपं करपतात. बटाटा, वाटाणा, पालेभाज्या घ्या, टोमॅटो-मिरची हरितगृहातच. भाज्या डबाबंद करायच्या तर वजनाच्या शिट्टीचा प्रेशर कॅनर (डबाबंदीसाठीचा खास मोठा कुकर) १५ पौंड दाबावर चालवा. आपला नेहमीचा कुकर त्यासाठी वापरू नका, बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा, धोका असतो. विरळ हवेमुळे जनरेटर साधारण चौथा हिस्सा ताकद गमावतो, तेवढा मोठा घ्या. ऊन मात्र भरपूर, सोलरला ही जागा खरंच उत्तम.

पूर्वेकडची झाडीतली जागा आवडली, तर २०१८चा ‘स्प्रिंग फायर’ हा वणवा लक्षात ठेवा: १,०८,००० एकर जळाले. बाहेर पडायला दोन रस्ते हवेत. मोठं रुग्णालय शेजारच्या अलामोसा शहरात.

कागदांत क्विटक्लेम डीड हे खरेदीखत दिसलं तर थांबा. त्यात विकणारा मालकीची हमीच देत नाही. वॉरंटी डीड (मालकीची हमी देणारं खरेदीखत), टायटल इन्शुरन्स (मालकीहक्काचा विमा), जमिनीपर्यंतची कायदेशीर वाट आणि सेप्टिकचा परवाना बघा. आणि जमीन घेतल्याने व्हिसा मिळत नाही. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना भाजी विकून कमाई करता येत नाही, त्यामुळे ग्रीन कार्डाआधी नोकरी सोडून तिथे जाण्याचा बेत आखू नका.