पोटासाठी झुसानली: आधी जागा पक्की करा

पोटाच्या तक्रारींसाठी अ‍ॅक्युपंक्चरमधला (सुया टोचून उपचार) पायावरचा बिंदू एसटी 36, म्हणजे झुसानली, शिकायला घेतलात हे उत्तम. पण सुईआधी बोटं तयार करा. रुग्णाचा गुडघा वाकवून वाटीखालचा बाहेरच्या बाजूचा खळगा शोधा. तिथून चार बोटं खाली (रुग्णाचीच बोटं, तुमची नव्हेत, नवशिके इथेच चुकतात), मग नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर. पाऊल वर ओढायला सांगा, स्नायू बोटाखाली फुगेल. दाबल्यावर बोथट, जड ठणका पायात उतरला की जागा बहुधा बरोबर. पुढे सुई टोचताना विजेसारखी कळ गेली तर ती लगेच मागे घ्या. खोलवर मज्जातंतू आणि धमनी दोन्ही आहेत.

अपचन, गॅस, मळमळ यांत मी हाच बिंदू आधी घेतो. मळमळीला जोडीला मनगटाजवळचा पीसी 6 हा बिंदू. मोठ्या आतड्याची तक्रार असेल तर आणखी चार बोटं खाली, एसटी 37.

मात्र पोट कडक झालंय, ताप आहे, शौचाला काळी होतेय किंवा कळ वाढतच चाललीय, तर बिंदू शोधत बसू नका, रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात पाठवा. अपेंडिक्सची कळ जरा मंदावली म्हणून थांबणं जिवावर बेतू शकतं.