पिस्तूल बिघडलंय की हात?

माझी मुलगी 10 मीटर एअर पिस्तूल खेळते. महिनाभर पेलेट (छर्रे) सारखे खाली डावीकडे जात आहेत. दुकानदार म्हणतो, बॅरल गेलं. बदलू का? (एक आई, धुळे)

ताई, पैसे काढायची घाई करू नका. शिशाच्या मऊ पेलेटनं बॅरल महिन्याभरात जात नाही.

आधी पिस्तूल आणि मुलगी वेगळी करा. टेबलावर वाळूची पिशवी ठेवा, नसेल तर गव्हाची भरलेली उशी. पिस्तूल त्यावर टेकवून कोचला पाच पेलेट मारायला सांगा. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिमीचं असतं. तेवढ्या जागेत पाचही बसले, तर ते वर्तुळाबाहेर कुठेही बसले असले तरी पिस्तूल ठणठणीत आहे, फक्त साइट (नेम धरायची खूण) फिरवायची. विखुरले, तर मग ग्रिपचे (मुठीचे) आणि मागच्या साइटचे स्क्रू हलवून बघा. निम्मे 'बिघाड' तिथेच सापडतात.

मुलगी उजव्या हातानं खेळत असेल, तर मला शंका ट्रिगरच्या झटक्याची आहे. हिशेब करून बघा. दोन्ही साइटमधलं अंतर साधारण 32 सेंटिमीटर धरलं, तर पुढची साइट मागच्या खाचेत 1 मिमी सरकली की 10 मीटरवर पेलेट 31 मिमी भरकटतो, म्हणजे जवळजवळ चार गुण गेले. उलट हात न मुरगळता सगळं पिस्तूलच 1 मिमी बाजूला गेलं, तर पेलेटही 1 मिमीच सरकतो. म्हणून हात थरथरतो याची चिंता कमी करा, मनगट मोडतं याची जास्त. ट्रिगरचं वजनही मोजून घ्या. नियमानं ते किमान 500 ग्रॅम हवं, पण कोणी 700-800 वर नेऊन ठेवलं असेल, तर कोवळं बोट हिसका देणारच.

टेकवून मारलं तरी पेलेट उभ्या रेषेत पडतात. एप्रिलपर्यंत ठीक होतं. (भुसावळ)

भाऊ, भुसावळचा मे महिना आणि वर विचारता! उभी रेषा बहुतेक वेळा पेलेटचा वेग कमीजास्त होतोय हे सांगते. 27 अंशांना 200 बार दाबानं भरलेला पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर बंद गाडीत 50 अंशांवर गेला, की दाब 215 च्या आसपास जातो. सिलिंडर सावलीत ठेवा. तरीही रेषा राहिली, तर रेग्युलेटर (हवा ठरावीक दाबानं सोडणारा भाग) संशयित. क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) दहा पेलेटचा वेग मोजल्याशिवाय तो उघडू नका. आणि शिलाई मशीनचं तेल? अजिबात नाही. जास्त दाबाच्या हवेत खनिज तेल पेट घेऊ शकतं.

स्वस्त पेलेट चालतात का? (चाळीसगाव)

सरावाला चालतात. 4.49 आणि 4.50 मिमी अशा दोन मापांचे टेकवून मारून बघा, कुठलं माप मानवतं ते बॅरलच सांगेल. डबी मात्र मोटरसायकलच्या डिकीत नको, कडा चेपतात.

दुरुस्तीसाठी पुण्याला जाणं परवडत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला एक कारागीर स्वस्तात करून देतो म्हणे. (चोपडा)

तो काय बनवतो हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. परवान्याच्या शस्त्राची नुसती दुरुस्ती करायलासुद्धा शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 प्रमाणे परवाना लागतो. तुमचं एअर पिस्तूल असलं, तरी त्या रस्त्यावर नाकाबंदीत पिशवी उघडली की समजावत बसाल. शिवाय गावठी कट्ट्याच्या हाताला रेग्युलेटरमधला मिलिमीटरचा शंभरावा भाग कळत नाही.

आधी विकणाऱ्याला विचारा. त्यानं हात झटकले, तर त्या कंपनीचा भारतातला आयातदार. पुण्यात बालेवाडीला स्पर्धा असली, की आपल्या भागातून कोणी ना कोणी जातंच. त्याच्याबरोबर पिस्तूल आणि पाच पेलेट मारलेलं टार्गेटचं कार्ड द्या, नुसतं 'नीट लागत नाही' म्हणून कारागिराला काही कळत नाही. ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) हार्डवेअरच्या दुकानातून आणू नका. माप जुळलं तरी रबर वेगळं असतं. आपल्या मॉडेलचा संच घेऊन ठेवा. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर (पिस्तूल सज्ज करायचा दांडा) ऐन पात्रता फेरीत तुटला, दुरुस्तीत वेळ गेला आणि ती बारावी आली.

आणि पिस्तूल कुरियरनं पाठवणार असाल, तर सिलिंडर काढून घरीच ठेवा.